बंदुकीचा दस्ता

काही वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या आधी आठ-दहा दिवस, अंत्रुज महालातील एक वयोवृद्ध पक्षकार माझ्या कचेरीत आले. काखेत गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी लांबट होते. मी दचकलो. वकिलाच्या कचेरीत कोणी शस्त्र घेऊन यावे हे मला रुचत नाही. परंतु त्यांनी गोणपाट सोडले तेव्हा आतून निघाले ते केवळ लाकूड : एका जुन्या शिकारी रायफलीचा दस्ता, मनगटाच्या जागी मोडून दोन तुकडे झालेला, आणि मागच्या तुकड्यावर चांदीची लहानशी पट्टी बसविलेली. रायफल घरी कुलुपात होती. तिला नवा दस्ता बसविलेला होता.

"वकीलबाब, दस्तो बदल्यार बंदूक तीच उरता न्ही?" त्यांनी विचारले.

या एका वाक्यात वस्तुतः दोन प्रश्न होते. पहिला परवान्याचा. नूतनीकरणाची वेळ जवळ आली होती, आणि परवान्यात वर्णिलेले शस्त्र व घरातील शस्त्र एकच आहे असे अधिकाऱ्यांनी मानावे की नाही, याची त्यांना धास्ती होती. दुसरा प्रश्न अधिक खोल होता. ही रायफल त्यांच्या आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली; दर खंडेनवमीस ती पाटावर मांडून तिची पूजा होत आलेली. आता पाटावर मांडावयाचे ते आजोबांचेच शस्त्र की दुसरे कुठले? आणि हे मोडके लाकूड चुलीत घालावे, नदीत सोडावे की ठेवावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिथल्या तिथे देऊ शकलो. दुसऱ्याने मात्र मला बराच काळ पुस्तकांत हिंडविले. त्या भ्रमंतीत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपण सहजपणे 'दस्ता' म्हणतो. हा शब्द फारसी. 'दस्त' म्हणजे हात. हिंदीत त्यालाच 'कुंदा' म्हणतात, तोही फारसीच, आणि त्याचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. म्हणजे एका शब्दात धरणारा हात आहे आणि दुसऱ्यात धरला जाणारा ओंडका. नळी, चाप, घोडा हे आपले शब्द. पण काडतूस आणि पिस्तूल ही पोर्तुगीजांकडून आलेली मंडळी. एका बंदुकीच्या अंगावर इतक्या भाषांनी हात ठेवलेले आहेत.

युरोपातील अगदी आरंभीच्या हातबंदुका म्हणजे काठीच्या टोकास बसविलेली लहानशी तोफच होती. काठी काखेत दाबावयाची आणि दुसऱ्या हाताने बत्ती द्यावयाची. नेम धरण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तोड्याची कळ निघाली, बत्ती देणारा हात मोकळा झाला, आणि मग त्या काठीला मनुष्याच्या शरीराचा आकार येऊ लागला. कोणी ती गालाशी धरली, कोणी छातीशी, कोणी खांद्याशी. देशोदेशीचे दस्ते वेगळे दिसतात ते या धरण्याच्या तऱ्हांमुळे. आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सरळ, सडपातळ आणि मागे पाच पैलूंचा असे, आणि नळी त्यावर तारेने वा पट्ट्यांनी बांधलेली असे. ही बांधणी मला विशेष बोलकी वाटते. जे बांधले आहे ते सोडता येते. लाकूड गेले तर पट्ट्या कापाव्या, नवे लाकूड घडवावे आणि तीच नळी त्यावर पुन्हा बांधावी. नळी दोन-तीन पिढ्या चाले. लाकडाला तेवढे आयुष्य नसे.

या इतिहासात आपल्या गोमंतकाचे स्थान अल्प नाही, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा घेतला, तेव्हा येथे बंदुका घडविणारे कारागीर आधीपासूनच होते. १५१३ च्या डिसेंबरात त्याने राजा मानुएल यास लिहिलेल्या पत्रात या कारागिरांची प्रशंसा आहे : बोहेमियाच्या कारागिरांइतक्याच चांगल्या बंदुका हे लोक करतात, असा तिचा आशय. नमुन्यादाखल येथील बंदुका आणि एक कारागीर त्याने लिस्बनला पाठविला. बोहेमिया हे त्या काळी युरोपातील शस्त्रकारागिरीचे माहेरघर मानले जाई. तेव्हा ही तुलना लहान नव्हे. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि त्यांच्याजवळच्या बंदुकांवरून जपानी लोहारांनी आपल्या बंदुका बनविल्या. त्या मूळ बंदुका युरोपातील नसून गोवा-मलाक्का या बाजूच्या धर्तीच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जपानी बंदुकीचा दस्ता आखूड आहे, तो खांद्याला न लावता गालाशी धरावयाचा असतो, आणि त्यात नळी बांबूच्या खुंट्यांनी अडकविलेली असते. खुंट्या काढल्या की लाकूड आणि लोखंड वेगळे.

खांद्याला लावावयाचा रुंद, खाली झुकणारा दस्ता आपल्याकडे रुळला तो कवायती फौजांबरोबर. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन याने जे कंपू उभारले, त्यांच्यासाठी आग्र्यास शस्त्रांचे कारखाने चालत आणि युरोपीय नमुन्याच्या चकमकीच्या बंदुका तेथे तयार होत. ग्वाल्हेरच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. रांगेत खांद्याला खांदा लावून एकदम बार काढावयाचा तर सर्वांचे दस्ते एकाच मापाचे हवेत, आणि येथूनच दस्त्याच्या इतिहासाला वेगळे वळण लागते. तो माणसाच्या मापाचा न राहता पलटणीच्या मापाचा झाला.

हे वळण पुरे केले एका अमेरिकन यंत्राने. लोखंडी नळी यंत्रावर कोरता येई, पण दस्त्याचा वेडावाकडा आकार हातानेच तासावा लागे, आणि म्हणून बंदुकांचे कारखाने सुतारांपाशी अडून राहत. १८१९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या थॉमस ब्लँचर्डने असा चरक शोधला की, लोखंडी नमुन्यावरून एक चाक फिरे आणि त्याच हालचालीने दुसरीकडे लाकडात हुबेहूब तोच आकार उतरे. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात त्याचा उपयोग सुरू झाला. वकील म्हणून मला यातील पुढचा भाग अधिक रंजक वाटतो. ब्लँचर्डच्या एकस्वावर जिकडेतिकडे अतिक्रमण झाले आणि त्याचे आयुष्य दाव्यांत गेले. १८३९ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी त्याच्या बाजूने दिलेला निर्णय एकस्वाच्या कायद्यात आजही उल्लेखिला जातो. एकस्वाची मुदत वाढवून घेण्यासाठी त्याने आपल्याच यंत्रावर अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांचे अर्धपुतळे कोरून दाखविले, अशी हकीकत सांगतात. सभासद विरघळले असल्यास नवल नाही. १८५० च्या दशकात इंग्रजांनी याच जातीची यंत्रे एनफील्डच्या कारखान्यासाठी अमेरिकेतून मागविली. एनफील्ड हे नाव आपल्याला १८५७ च्या काडतुसांमुळे ठाऊक आहे.

आता आपल्या पक्षकारांच्या रायफलीकडे येऊ. ती बोल्टची, म्हणजे दाराचा अडसर सरकवावा तसा पोलादी दांडा मागेपुढे सरकवून तीत काडतूस भरावयाचे. ही कल्पना प्रशियाच्या ड्रायझ याने रूढ केली; त्याची बंदूक प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारली. तिला पूर्णत्व दिले नेकर नदीकाठच्या ओबेर्नडॉर्फ गावच्या पाउल माउझर याने. त्याची १८९८ ची रायफल इतकी बिनचूक निघाली की, पुढच्या शंभर वर्षांतील बहुतेक शिकारी रायफली तिच्याच घराण्यातल्या आहेत. पोर्तुगालने १९०४ मध्ये माउझर-व्हेर्गेइरू ही रायफल सैन्यासाठी घेतली, तीही याच कुळीची. अमेरिकेने १९०३ ची आपली स्प्रिंगफील्ड रायफल माउझरच्या कल्पनांवरच बेतली आणि त्याबद्दल माउझर कंपनीस दोन लक्ष डॉलर स्वामित्वशुल्क मोजले. सरकारने दुसऱ्याच्या बौद्धिक मिळकतीचे पैसे चुकते केले, हे आम्हां वकिलांना नोंदवून ठेवण्याजोगे वाटते.

मात्र ही सारी सैन्याची हत्यारे. त्यांचे दस्ते पलटणीच्या मापाचे, तोंडापर्यंत लाकडाने झाकलेले, जड. शिकाऱ्याला ते चालेनात, आणि यंत्राने ज्याचे माप हिरावून घेतले होते त्या एकट्या माणसाचे माप पुन्हा दस्त्यात शिरले. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्याजवळ शिकारी दस्ता बसविलेली स्प्रिंगफील्ड होती. १९१० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या लुई वुंडहॅमर या कारागिराने लेखक स्ट्यूअर्ट एडवर्ड व्हाइट यांच्यासाठी तशाच रायफलीला नवा दस्ता घडविला. तळहातात भरून बसेल असा मनगटाजवळचा फुगवटा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही महायुद्धांनंतर लढाईतील लक्षावधी रायफली बाजारात आल्या आणि त्यांचे सैनिकी लाकूड काढून शिकारी लाकूड चढविणे हा अमेरिकेत एक व्यवसायच होऊन बसला. लोखंड तेच, अंगरखा बदलला.

आपल्याकडे गोष्ट निराळ्या कारणाने घडली. ब्रिटिश हिंदुस्थानात सैन्याचे ·३०३ मापाचे काडतूस प्रजेच्या हाती पडू नये, असा सरकारचा कटाक्ष होता. म्हणून खासगी उपयोगासाठी ·३१५ हे वेगळे माप चालले. स्वातंत्र्यानंतरही बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात या मापाची शिकारी रायफल तयार होत राहिली. तिचा सांगाडा सैन्याच्या ली-एनफील्डचाच. हिचा दस्ता एकसंध नसतो. पुढचे लाकूड निराळे आणि मागचे निराळे, आणि मागच्या तुकड्यातून एक लांब बोल्ट आरपार घालून तो पोलादाला जखडलेला असतो. हा तुकडा बदलणे त्यामुळे तुलनेने सोपे. माउझरची गोष्ट तशी नाही.

ती कशी नाही, हे मला एका कारागिराने दाखविले. माझ्या पक्षकारांच्या रायफलीचा दस्ता घराला चुना लावताना फळीवरून पडून मोडला होता. दस्ता मोडतो तो बहुधा मनगटाशीच, कारण तेथे लाकूड सर्वांत बारीक असते. पूर्वीचे लोक अशा मोडीवर ओले कच्चे चामडे घट्ट आवळून शिवत. ते वाळले की आकसून लोखंडासारखे बसे. पक्षकारांनी मात्र नवा दस्ताच करावयाचे ठरविले आणि एका शहरातील दुकानात रायफल दिली. भर उन्हाळ्यात दस्ता बसून आला, दिसावयास देखणा, चकचकीत. आषाढात लाकूड फुगले, नळीला एका अंगाने दाबू लागले, आणि नेम एका बाजूला जाऊ लागला. दुकानदाराने दोष रायफलीवर ढकलला. लाकूड पुरते मुरलेले नव्हते, हे सांगावयास तो काही तयार झाला नाही.

दुसरा कारागीर वृद्ध, परवानाधारक, आणि बोलण्यापेक्षा हातांनी अधिक सांगणारा. त्याने अक्रोडाचा, कित्येक वर्षे सावलीत वाळलेला ठोकळा घेतला. अक्रोडच का, असे मी विचारले, तेव्हा त्याने ठोकळा माझ्या हातात दिला. तो फार जड नव्हता, हलकाही नव्हता. हे लाकूड धक्का सोसते, सहसा चिरत नाही आणि हवेप्रमाणे फारसे वागत नाही. सागवान आपले, पण ते तेलकट आणि ठिसूळ. शिसम सुंदर, पण भारी. लाकडाच्या रेषा मनगटातून सरळ मागे गेल्या पाहिजेत, आडव्या गेल्या की पहिल्याच पडण्यात तुकडा, असे तो म्हणाला. मग त्याने पोलादाला काजळी लावली, लाकडात बसवून पाहिले, उचलले, आणि जेथे काळा डाग उमटला तेवढेच पटाशीने कागदाइतके तासले. पुन्हा काजळी, पुन्हा बसविणे, पुन्हा तासणे. दोन दिवस त्याचे हेच चालले होते. बोल्टच्या घराखाली एक आडवा दात असतो. बार उडाला की सारा धक्का तो दात लाकडाला देतो. तो दात लाकडाला सर्वत्र सारखा टेकला नाही तर दस्ता हळूहळू चिरतो. पुढे नळीच्या दोन्ही अंगांस मात्र त्याने मुद्दाम बारीक फट ठेविली, पावसाळ्यात लाकूड फुगले तरी नळीला स्पर्श होऊ नये म्हणून. मग दोन स्क्रू, एक पुढे, एक मागे; माउझरचे पोलाद आणि लाकूड एवढ्यावरच एकत्र राहते. शेवटी जवसाच्या तेलाचे हात. खोबरेल का नको, हा माझा प्रश्न ऐकून तो हसला. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते. खोबरेल कधी वाळत नाही.

दस्त्याची लांबी घेण्यासाठी त्याने पक्षकारांना कोपर काटकोनात दुमडावयास लावले आणि कोपराच्या आतल्या बाजूपासून बोटाच्या पेरापर्यंत माप घेतले. मोडलेला दस्ता त्याहून अर्ध्या इंचाने लांब भरला. "आजोबा उंच होते काय?" त्याने विचारले. होते. पक्षकार क्षणभर काही बोलले नाहीत. इतकी वर्षे त्यांनी आजोबांच्या हाताच्या मापाची बंदूक खांद्याला लावली होती.

जगात पुढे लाकूडही मागे पडले. जर्मनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सैन्याच्या रायफलींसाठी बीच झाडाचे पातळ पापुद्रे सरसाने जोडून दस्ते केले, कारण असे लाकूड वर्षानुवर्षे मुरवीत ठेवावे लागत नाही. ऑस्ट्रेलियाने स्वदेशी कोचवुड वापरले. ते मऊ म्हणून धक्क्याच्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसविल्या. आता काचतंतूंचे दस्ते निघाले आहेत. त्यांना पावसाळा ठाऊक नाही.

कायद्याचे उत्तर थोडक्यात देतो, कारण ते थोडक्यातच आहे. १८७८ चा शस्त्रांचा कायदा बेळगावास लागू होता, गोव्यास नव्हता. मुक्तीनंतर गोव्यातही १९५९ चा भारतीय शस्त्र अधिनियम आला. त्यात 'अग्निशस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, आणि दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून दस्ता बदलावयाचा तर परवानाधारक कारागिराकडेच जावे आणि त्याची पावती जपून ठेवावी. शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा. नळी आखूड करणे यासही स्वतंत्र परवाना लागतो. परंतु शस्त्राची ओळख कायद्याच्या दृष्टीने पोलादावरील क्रमांकात असते. तो क्रमांक अबाधित आहे तोवर, लाकूड अक्रोडाचे असो की काचेचे, परवान्यातील बंदूक तीच. मी तसे लिहून दिले आणि नूतनीकरण विनातक्रार झाले.

पण पक्षकारांचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझेही. कारण कायदा ज्याला गौण मानतो त्यालाच पुष्कळदा माणसे शस्त्राचे चरित्र मानतात. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची ·२७५ मापाची रायफल भेट दिली. तिचा सांगाडा माउझरचाच. आणि भेटीची हकीकत कोरलेली चांदीची पट्टी कोठे आहे? पोलादावर नव्हे, दस्त्यावर. कॉर्बेट १९५५ मध्ये केनियात वारले. पुढे ती रायफल ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेपाशी होती, २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत विकत घेतली आणि २०१६ मध्ये ती काही काळ भारतात येऊन गेली. समजा, कोणी तिचा दस्ता बदलला असता. कायद्याने रायफल तीच राहिली असती. पण चंपावतची साक्ष दुसऱ्याच लाकडाबरोबर निघून गेली असती.

कोडगू प्रांती कैल पोळदाच्या सणात बंदुकांची पूजा होते. तेथील लोकांना शस्त्रपरवान्यातून मिळालेली जुनी सूट केंद्र सरकारने २०१९ मध्ये पुन्हा दहा वर्षांसाठी वाढविली. तेथेही दस्ते मोडत असतील आणि बदलले जात असतील. पूजा थांबत नाही. आणि लाकडाच्या बाबतीत आपल्या परंपरेने याहून मोठा प्रश्न सोडविलेला आहेच. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती लाकडाच्या. ठरावीक वर्षांनी, अधिक आषाढ येतो तेव्हा, नवकलेवर होते; याआधीचे २०१५ मध्ये झाले. नवे निंबकाष्ठ येते, जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातील कोइली वैकुंठात भूमी दिली जाते. देव तोच राहतो, आणि म्हणून जुने लाकूड कोणी फेकून देत नाही.

हे मी पक्षकारांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलविली, पण लगेच काही ठरविले नाही. घरच्या भटजींना विचारतो म्हणाले.

त्या खंडेनवमीस मी त्यांच्या घरी गेलो होतो. पाटावर कोयते, विळे, एक जुनी तलवार आणि नव्या दस्त्याची रायफल मांडली होती. जवसाच्या तेलाचा वास अजून जात नव्हता. तिच्या शेजारी, वेगळ्या पाटावर, मोडक्या दस्त्याचे दोन तुकडे ठेवले होते. भटजींनी दोन्हींना गंध लावले, दोन्हींवर झेंडूची फुले वाहिली. चांदीची पट्टी काढून नव्या दस्त्यावर बसवावी, असे मुलाने सुचविले होते आणि कारागिरानेही तशी तयारी दाखविली होती. म्हाताऱ्यांनी ती जुन्याच लाकडावर राहू दिली.